एका डीडीओखाली पाच कार्यालयं, हजेरी पाच तऱ्हेची. पगारबिलाशी जुळवायची कशी?

खाडीपलीकडचा:
नमस्कार मंडळी. रत्नागिरी जिल्ह्यातलं तालुका पातळीचं काम आहे. एकाच आहरण व संवितरण अधिकाऱ्याखाली (डीडीओ, म्हणजे पगारबिलावर सही करून पैसे काढणारा अधिकारी) पाच कार्यालयं, मिळून ६३ कर्मचारी. एका ठिकाणी बोटाचं मशीन, दोन ठिकाणी कागदी मस्टर, एका ठिकाणी मोबाईलवर चेहऱ्याची हजेरी आणि बंदरावरच्या लोकांची फक्त दौरा दैनंदिनी. सेवार्थ या शासनाच्या पगारबिल प्रणालीतलं बिल २० तारखेच्या आसपास कोषागारात जायला हवं, पण पाचही हजेरीपट हातात पडतात महिना संपल्यावर. त्यामुळे विनावेतन रजेची कपात चुकते आणि पुढे वसुली किंवा पूरक देयक काढावं लागतं. पावसाळ्यात नियंत्रण कक्षात रात्रपाळी केलेले लोक मशीनच्या अहवालात चक्क गैरहजर दिसतात. सुधारायला सुरुवात कुठून करावी? नवीन मशीनसाठी निधी मागितला आहे, पण तेवढ्याने भागेल असं वाटत नाही.

बिलक्लार्क:
मशीनने भागणार नाही, हे तुम्ही बरोबर ओळखलंत. पगाराला हजेरी लागतच नाही, लागते ती गैरहजेरी, आणि तीही आदेशासकट. ६३ जणांच्या येण्याजाण्याच्या वेळा बिल करणाऱ्याच्या टेबलावर आणून काही उपयोग नाही. त्याला ज्यांचा पगार या महिन्यात बदलणार तेवढीच नावं हवीत: असाधारण (म्हणजे विनावेतन) रजा, अर्धपगारी रजा, निलंबन, रुजू, कार्यमुक्त, वेतनवाढ. ६३ मध्ये अशी नावं एरवी पाच-सातच निघतात.

म्हणून आधी हजेरीचा महिना बदला. मागच्या महिन्याच्या १६ पासून चालू महिन्याच्या १५ पर्यंत. १६ ला प्रत्येक कार्यालयाने एका पानाचं विवरण द्यायचं, बदल नसेल तर "निरंक" लिहून, सहीनिशी. निरंक विवरण आलंच पाहिजे हे ठासून सांगा, नाहीतर विवरण आलं नाही म्हणजे बदल नाही असं धरलं जातं आणि नेमकी तिथेच चूक होते. १७ पर्यंत रजेचे आदेश. १८ ला सहायकाने सेवार्थमध्ये बदल भरायचे, डीडीओंनी मंजूर करायचे, चेंज स्टेटमेंट (महिन्यातल्या बदलांची यादी) काढून त्या पाच पानांशी नावागणिक ताडायचं, मगच पेबिल जनरेट करायचं. बीम्सची (शासनाच्या निधीवाटप प्रणालीची) मंजुरी स्लिप निघाल्यावर चूक सापडली तर आधी स्लिप रद्द करा, मग बिल काढून टाका, मग सगळं पुन्हा. त्यात दोन दिवस सहज जातात.

आता खरी मेख. जूनच्या २४, २५, २६ ची असाधारण रजा या पद्धतीने जुलैच्या बिलात येणार. तिथे भागाकार जूनच्या ३० दिवसांनीच करायचा, जुलैच्या ३१ ने नाही. मूळ वेतन ३५,४०० असेल तर तीन दिवसांचे ३,५४० होतात. ३१ ने भागलंत तर ३,४२६, म्हणजे ११४ रुपये कमी वसूल.

त्याहून मोठी चूक म्हणजे ही रक्कम "अतिप्रदान वसुली" (जादा दिलेल्या पैशांची वसुली) म्हणून ठोक कापणं. राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेतल्या कर्मचाऱ्याचं अंशदान मूळ वेतन अधिक महागाई भत्ता यांच्या १० टक्के आणि शासनाचं १४ टक्के. ठोक वसुलीने ही दोन्ही अंशदानं पूर्ण पगारावरच गेलेली राहतात. वरच्याच उदाहरणात महागाई भत्ता ५५ टक्के धरला तर ३,५४० अधिक १,९४७ मिळून ५,४८७. त्यावर शासनाचे ७६८ रुपये जादा गेले आणि ते परत आणणं फार किचकट. मूळ वेतन, महागाई भत्ता, घरभाडे अशी घटकवार कपात करा, म्हणजे अंशदान आपोआप खाली येतं.

मशीनवाला चिपळूण:
मशीनबद्दल लिहितो, कारण कोकणात मशीनं बिघडण्याची कारणं वेगळी आहेत.

ऑप्टिकल सेन्सरवर ओलं बोट ठेवलं की रेषा उमटतच नाहीत. जूनपासून "बोट घेत नाही" ही तक्रार बहुतेक याचीच असते. मशीनशेजारी सुती फडकं टांगा आणि दोन्ही हातांची मिळून निदान चार बोटं नोंदवा. मशीन पडवीत, पश्चिमेकडच्या भिंतीवर लावू नका. खाऱ्या वाऱ्याने अडॅप्टरच्या पिनवर हिरवट कीट चढतं, मशीन मध्येच बंद पडून चालू होतं आणि आतली घड्याळाची बॅटरी संपलेली असेल तर तारीख थेट मागच्या कुठल्यातरी वर्षात जाते. मग त्या दिवशीचे सगळे पंच चुकीच्या तारखेला. रोज सकाळी एकाने मशीनची वेळ आणि शेवटचं सिंक (सर्व्हरला डेटा कधी गेला), एवढ्या दोन गोष्टी बघून वहीत टिपायच्या. मशीनला छोटा स्वतंत्र यूपीएस द्या.

दुसरं, मशीनमधला क्रमांक. १४ नंबरचा माणूस बदलून गेला आणि नव्या माणसाला पुन्हा १४ दिला की जुना अहवाल काढताना दोघांची हजेरी एक होते. पाचही ठिकाणी ओळख एकच ठेवा, सेवार्थ आयडी. मशीन अक्षरं घेत नसेल तर वेगळा क्रमांक द्या, पण तो पुन्हा कोणालाही द्यायचा नाही. अतिरिक्त कार्यभार असलेला माणूस दोन कार्यालयांत पंच करतो, तोही यानेच जुळतो.

रात्रपाळीचं उत्तर सोपं आहे. पाळी रात्री १० ते सकाळी ६ असेल तर मशीन १२ वाजता दिवस तोडतं: एका तारखेला फक्त आत, दुसऱ्या तारखेला फक्त बाहेर. दोन्ही दिवस अर्धवट, म्हणून गैरहजर. सॉफ्टवेअरमध्ये या लोकांची वेगळी शिफ्ट करा आणि ज्या तारखेला पाळी सुरू झाली त्या तारखेची हजेरी धरा. नियंत्रण कक्षाचा पाळीतक्ता आधी भरलेला नसेल तर मात्र ही सोय चालत नाही.

लेखापरीक्षण:
वरच्या दोघांना पुस्ती. मशीनमधला मूळ डेटा कोणीही दुरुस्त करायचा नाही. दुरुस्ती वेगळ्या नोंदवहीत: तारीख, कारण, पुरावा, अधिकाऱ्याची सही. "मशीन बंद" एवढं कारण तपासणीत टिकत नाही. किती ते किती बंद आणि त्या वेळात कागदी मस्टरवर सही आहे का, हे लागतं.

बंदरावरच्या लोकांना मोबाईल हजेरीसाठी कार्यालयाच्या शंभर मीटरच्या घेऱ्यात आणायचा हट्ट धरू नका. दाभोळ-धोपावे फेरीबोटीवर असलेला माणूस कुठल्या घेऱ्यात बसणार? त्यांच्यासाठी आठवड्याला मंजूर केलेली दौरा दैनंदिनी हाच हजेरीचा पुरावा. ती महिनाअखेरीस एकदम लिहिली जाते, खरी अडचण ती आहे. शनिवारी दैनंदिनीचा फोटो कार्यालयात, सोमवारी मंजुरी, एवढं बसवा.

रजेतही एक ठिकाण नेहमी चुकतं. किरकोळ रजेच्या मध्ये आलेला शनिवार-रविवार रजेत मोजत नाहीत, अर्जित रजेच्या मधला मोजतात. पाच दिवसांचा आठवडा २९ फेब्रुवारी २०२० पासून आला, तेव्हापासून हा फरक दर रजेला दोन-दोन दिवसांचा पडतो. रजा मंजूर करतानाच आदेशात दिवस अंकी आणि अक्षरी लिहा. आणि असाधारण रजा वैद्यकीय कारणाशिवाय असेल तर वेतनवाढीची तारीख पुढे जाऊ शकते, हे बिल करणाऱ्यापर्यंत पोचायलाच हवं.

मस्टर आणि सेवापुस्तकांच्या स्कॅन प्रती दुसऱ्या इमारतीत ठेवा. २२ जुलै २०२१ चा चिपळूणचा पूर आठवा. तळमजल्यावरच्या कपाटातला कागद पाण्यापुढे टिकत नाही.

खाडीपलीकडचा:
सगळ्यांचे मनापासून आभार. १६ ते १५ लगेच लागू करतो. दोन शंका. मे-जूनमधल्या बदल्यांचं काय? आणि गणपती महिनाअखेरीस आले आणि शासनाने पगार आधी द्यायचा आदेश काढला तर?

बिलक्लार्क:
बदलीत सगळं अंतिम वेतन प्रमाणपत्रावर अडतं. कार्यमुक्तीच्या दिवशीच ते द्या आणि सेवार्थमध्ये त्याच दिवशी कार्यमुक्त दाखवा. जुन्या बिलग्रुपमध्ये (एका बिलात पगार निघणाऱ्यांच्या गटात) नाव राहिलं तर नवीन डीडीओला माणूस घेताच येत नाही, किंवा जुन्याच ठिकाणी पूर्ण पगार निघतो. प्रमाणपत्रावर सण अग्रिमाचे उरलेले हप्ते आणि सोसायटीची कपात लिहायला विसरू नका, तीच राहून जाते.

गणपतीसाठी १६-१५ ची चौकट मोडायची नाही. फक्त विवरणाची तारीख आदेशानुसार अलीकडे आणा, समजा १० ला, आणि विवरणावर "दि. १० पर्यंतचे" असं ठळक लिहा. ११ ते १५ चे बदल पुढच्या विवरणात पहिल्या रकान्यात, लाल शाईने. गणपतीच्या आठवड्यातल्या रजेचे अर्ज आधीच येतात, त्यामुळे त्यांचे आदेश त्या १० तारखेच्या आतच काढून ठेवता येतात.

मशीनवाला चिपळूण:
नवीन मशीनच्या निविदेत एक अट घालाच: नेट नसताना निदान तीन महिन्यांचे पंच मशीनमध्ये राहिले पाहिजेत आणि पेनड्राइव्हवर काढता आले पाहिजेत. पावसात केबल तुटली की तेवढाच आधार.