प्रेग्नन्सीत कोळंबी, खेकडा, तिसऱ्या, कालवं... काय चालतं आणि काय नाही?

चाहूल
मैत्रिणींनो प्लीज कोणीतरी नीट सांगा. पाचवा महिना चालू आहे, सुरुवातीला मासळीचा वाससुद्धा सहन होत नव्हता आणि आता उलट्या थांबल्यापासून नुसती कोळंबी आणि खेकडा डोळ्यासमोर येतो. घरात दोन मतं आहेत. सासूबाई म्हणतात नीट शिजवलेलं असलं की काही होत नाही, जाऊबाई म्हणतात अजिबात हात लावू नकोस, त्यात पारा असतो आणि तो बाळाच्या मेंदूवर परिणाम करतो. नेटवर बघावं तर एकीकडे खा लिहिलंय, दुसरीकडे खाऊ नका. कोळंबी, खेकडा, तिसऱ्या, कालवं हे सगळे एकाच माळेचे मणी समजायचे का? आणि पार्टीत ती थंड कोळंबी ठेवतात ना सॉसबरोबर, ती चालेल का? ॲलर्जी मला कधीच नव्हती. डॉक्टरांची अपॉइंटमेंट अजून लांब आहे म्हणून इथे विचारतेय.

नर्सताई
अगं आधी टेन्शन सोड. पूर्ण शिजवलेली कोळंबी आणि खेकडा प्रेग्नन्सीत चालतो.

जाऊबाईंची भीती खोटी नाही, फक्त ती या प्राण्यांना लागू होत नाही. पारा साठतो तो मोठ्या, बरीच वर्षं जगणाऱ्या आणि दुसरे मासे खाऊन वाढणाऱ्या माशांमध्ये, कारण छोट्या माशातला थोडा थोडा पारा त्यांच्या अंगात जमा होत जातो. शार्क, स्वोर्डफिश, मार्लिन, किंग मॅकरेल, बिगआय ट्यूना हे टाळायचे. कोळंबी बिचारी लहान, आयुष्य थोडं, खाणं पण बारीकसारीक. अमेरिकेच्या एफडीए या अन्न-औषधांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेच्या तपासणीत कोळंबीत पाऱ्याची सरासरी ०.००९ पीपीएम (दहा लाख भागांत किती भाग) आली आहे आणि स्वोर्डफिशमध्ये जवळपास १, म्हणजे शंभरपटीहून जास्त फरक. गरोदर बायकांसाठी त्यांची जी यादी आहे त्यात कोळंबी, खेकडा, शेवंड, शिंपले, कालवं, माकुल हे सगळे सगळ्यात कमी पाऱ्याच्या गटात आहेत, आणि त्या गटातलं आठवड्याला साधारण २२५ ते ३४० ग्रॅम, दोनतीन वेळा विभागून खा असंच त्यांचं म्हणणं आहे. प्रोटीन, आयोडीन, बी १२, झिंक हे सगळं त्यातून मिळतं आणि आयोडीन तर बाळाच्या मेंदूच्या वाढीलाच लागतं, त्यामुळे उगाच घाबरून पूर्ण बंद करण्यात नुकसानच आहे.

आता खरी काळजी कशाची करायची ते सांगते. कच्चं आणि अर्धवट शिजलेलं. त्यातही कालवं आणि शिंपले जास्त जपून, कारण ते पाणी गाळून त्यातलं अन्न खातात आणि पाण्यात जे जंतू असतील ते पण त्यांच्या अंगात साठतात, उलट्या-जुलाब करणारा नोरोव्हायरस, कावीळ करणारा हिपॅटायटिस ए, समुद्राच्या पाण्यातला व्हिब्रिओ जंतू, सगळंच. प्रेग्नन्सीत शरीराची प्रतिकारशक्ती थोडी वेगळी वागते त्यामुळे जे इन्फेक्शन एरवी दोन दिवसात निघून जाईल ते आता जड जाऊ शकतं. म्हणून माळेचे मणी एक नाहीत, कोळंबी-खेकडा एका बाजूला आणि शिंपले-कालवं दुसऱ्या बाजूला असं डोक्यात ठेव.

थंड कोळंबीचं म्हणशील तर आधी पूर्ण शिजवून मग नीट फ्रिजमध्ये ठेवलेली असेल तर ब्रिटनची सरकारी आरोग्यसेवा एनएचएस चालेल म्हणते. पण पार्टीतलं ताट किती वेळ बाहेर आहे हे तुला कोण सांगणार? शिजवलेलं अन्न दोन तासांपेक्षा जास्त बाहेर राहिलं की मी नाही खाणार आणि तुलाही खा म्हणणार नाही. घरी गरमागरम करून खा ना.

स्वयंपाकवेडी
ताईंनी छान सांगितलं, मी फक्त शिजलं कसं ओळखायचं ते सांगते कारण सगळे नुसतं नीट शिजवा म्हणतात आणि पुढे गप्प.

कोळंबी कच्ची असते तेव्हा राखाडी आणि काचेसारखी आरपार दिसते, शिजली की गुलाबी-पांढरी होते आणि वळते. बाहेरून गुलाबी झाली म्हणून लगेच गॅस बंद करू नकोस, सगळ्यात जाड कोळंबी उचलून मधून कापून बघ, आत पाणचट चकाकी दिसली तर अजून दोन मिनिटं ठेव. मोठी आणि बारीक एकत्र टाकली की बारीक शिजते आणि मोठी आत कच्ची राहते, म्हणून मी वेगवेगळी टाकते. थर्मामीटर असेल तर आतलं तापमान ६३ सेल्सिअस व्हायला हवं.

तिसऱ्या धुताना जी उघडी आहे तिला हलकेच टिचकी मार, जिवंत असेल तर ती मिटते, नाही मिटली तर फेकून दे. कवच फुटलेली पण नको. आणि उकळल्यावरही जी उघडलीच नाही ती सुरी घालून उघडत बसू नकोस, तीही सरळ फेक. खेकड्याचं पांढरं मांस खा, कवचाच्या आतला तपकिरी मऊ भाग मात्र या दिवसांत सोडून दे, कॅडमियमसारखे जड धातू तिथे जास्त साठतात.

अजून एक, कच्ची कोळंबी सोलल्यावर हात, सुरी, पाट साबणाने धू आणि मगच कोशिंबिरीला हात लाव. हे कोणी बोलत नाही पण बऱ्याचदा गडबड इथेच होते.

दर्याराजा
बायकोसाठी वाचत होतो. कालवांवर लिंबू चांगलं पिळून थोडा वेळ ठेवलं तर जंतू मरतात ना? ती तशीच खाते नेहमी. आणि फ्रीझरमधली असतील तर?

नर्सताई
नाही हो दादा, अजिबात नाही. लिंबाने मांस पांढरं आणि घट्ट होतं त्यामुळे शिजल्यासारखं वाटतं, पण जंतू तसेच राहतात. तिखट सॉस, व्हिनेगर यांचंही तेच. फ्रीझरमध्ये जंतू झोपतात, मरत नाहीत. आणि नोरोव्हायरस चिवट असतो, नुसती पटकन वाफ दिली तर टिकून राहू शकतो. म्हणून जिवंत कालवं कवचासकट उकळायची असतील तर कवच उघडल्यावर अजून ३ ते ५ मिनिटं उकळू द्यायची. वहिनींना काही महिने कच्ची बंदच करायला सांगा, मन वळवा पण ऐकायला लावा.

आणि स्वतः समुद्रावरून गोळा केलेली तर नकोतच. पाण्यात काही प्रकारचं शेवाळ वाढलं की शिंपल्यांत विष साठतं आणि ते शिजवूनही जात नाही, चवीला वासाला काही कळत नाही. म्हणून जिथे पाण्याची तपासणी होते तिथलीच घ्यायची.

चाहूल
किती छान समजावलंत सगळ्यांनी, जाऊबाईंना हे सगळं वाचून दाखवलं, त्या म्हणाल्या मग ठीक आहे पण मी समोर उभी राहून शिजवणार 😊 अजून एकच, स्मोक्ड केलेली पाकिटातली मासळी चालेल का? आणि समजा खाऊन काही त्रास झालाच तर किती वाट बघायची?

नर्सताई
फ्रिजमध्ये ठेवायची स्मोक्ड मासळी तशीच थंड नको, लिस्टेरिया नावाचा जंतू फ्रिजच्या गारव्यातसुद्धा वाढतो. वाफा येईपर्यंत कडकडीत गरम केली किंवा एखाद्या शिजवलेल्या पदार्थात घातली तर चालेल. डबाबंद असेल तर हरकत नाही.

त्रासाचं म्हणजे एकदोनदा पोट बिघडलं तर ओआरएस घे, पाणी पीत राहा. पण ताप आला, जुलाबात रक्त दिसलं, पाणीही पोटात ठरेना, लघवी कमी झाली, पोटात कळा यायला लागल्या किंवा बाळाची हालचाल कमी वाटली तर सकाळ होईपर्यंत थांबू नकोस, लगेच डॉक्टरांना फोन कर आणि काय खाल्लं तेही सांग. लिस्टेरियाचं दुखणं मात्र कधी कधी कित्येक आठवड्यांनी निघतं आणि नुसता फ्लू वाटतो, ताप आणि अंगदुखी, म्हणून तसा ताप आला तर मागे काय खाल्लं होतं ते आठवून सांगायचं. आणि ओठ सुजले, अंगावर गांध्या उठल्या, श्वास लागला तर ती ॲलर्जी, आधी कधी नसली तरी मोठेपणी होऊ शकते, तेव्हा फोनवर वेळ घालवायचा नाही, थेट इमर्जन्सीत जायचं.