मदत हवी आहे: बास वाढवला की गाडीतला अँप (अ‍ॅम्प्लिफायर) बंद पडतो (कोल्हापूर)

नमस्कार मंडळी,

जुन्या पेट्रोल हॅचबॅकच्या डिकीत चार चॅनलचा अँप आणि १२ इंची दोन वूफर (बासचे स्पीकर) बसवून घेतलेत. दारातले स्पीकर पुढच्या दोन चॅनलवर, मागचे दोन चॅनल ब्रिज करून, म्हणजे जोडून एक करून, त्यावर दोन्ही वूफर.

तावडे हॉटेलपासून कागलपर्यंत हायवेला मध्यम आवाजात झकास वाजतो. पण दाभोळकर कॉर्नरला सिग्नलला उभं असताना एसी आणि हेडलाइट चालू असले, आवाज वाढवला आणि ढोल-ताशा लागला, की दोन-चार ठोक्यांत सगळं गप्प. दारातले स्पीकरसुद्धा. आवाज कमी केला की थोड्या वेळानं आपोआप सुरू.

बॅटरीजवळचा फ्यूज चांगला आहे. अँप कोमट असतो, हात ठेवता येतो. एक दुकानदार म्हणतो अँप गेला, नवा घ्या. दुसरा म्हणतो कॅपॅसिटर टाका. मीटर दोघांनीही लावला नाही. घरी ‘गाडीत डॉल्बी बसवलाय’ म्हणून टोमणे आधीच चालू होते, आता तो वाजतही नाही! नवा अँप घेण्याआधी काय तपासू?

प्रतिसाद:
भावा, बंद पडतो तेव्हा अँपवर लाल दिवा लागतो का सगळेच दिवे जातात? सगळे गेले तर रिमोट वायर (अँपला चालू हो म्हणून सांगणारी) किंवा मेन लाइन बघ. लाल लागला तर अँप स्वतःला वाचवतोय, म्हणजे तो बहुतेक जिवंत आहे.

धागाकर्ता:
दादा, लाल लागतो.

प्रतिसाद:
मग मीटर घे. इंजिन चालू ठेवून बॅटरीवर साधारण १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसायला हवेत. तेच माप अँपच्या स्क्रूवर घे, बास वाजत असताना. गाण्यावर मीटरला झटका पकडता येत नाही, म्हणून ५० हर्ट्झचा सलग टोन लाव, आवाज बेतानं. १०-११ व्होल्टच्या आसपास घसरलं की बरेचसे अँप बंद होतात.

नंतर अँपचा निगेटिव्ह स्क्रू आणि जवळचा बॉडीचा उघडा पत्रा यांच्यामध्ये मीटर लाव. तिथं जवळपास शून्य यायला पाहिजे. रंगावरच लग (वायरच्या टोकाची कडी) आवळून अर्थिंग देणारे महाभाग पुष्कळ आहेत. ४० अँपिअर ओढताना सांधा ०.०५ ओहमचा असला तरी २ व्होल्ट तिथंच जातात. त्यात सिग्नलला इंजिन मंद, अल्टरनेटरचा जोरही कमी. कॅपॅसिटरनं हे सुटत नाही.

आणि वूफर कसे जोडलेत? ४ ओहमचे दोन समांतर म्हणजे २ ओहम. ब्रिज केल्यावर प्रत्येक चॅनलला त्याच्या निम्मा, १ ओहमच दिसतो. अँपवर ब्रिजसाठी किमान किती लिहिलंय बघ.

धागाकर्ता:
उद्यमनगरातल्या मित्राचा मीटर आणला. इंजिन चालू असताना बॅटरीवर १४.१. टोन लावल्यावर अँपवर ११ च्या खाली जातं. निगेटिव्ह आणि पत्र्यामध्ये १.६! वूफरची वायर अँपपासून सोडवून मोजली तर १.८ ओहम, म्हणजे समांतरच असणार. अँपवर ‘ब्रिज, किमान ४ ओहम’ छापलंय. सिरीजमध्ये जोडले तर ८ होतील. मग बास अगदीच पडेल का? का एकच वूफर ठेवू?

प्रतिसाद:
दोन्ही एकसारखे असतील तर सिरीजच कर. ४ ओहमवर एकच वूफर लावलास तर त्याच्या तुलनेत सिरीजमध्ये ताकद निम्मी मिळते, पण कोन (स्पीकरचे पडदे) दोन हलतात. कानाला जवळजवळ तेवढंच येतं आणि करंट निम्मा लागतो.

अर्थिंग मात्र त्याआधी. रंग चकचकीत पत्र्यापर्यंत घासून काढ, पॉझिटिव्हएवढ्याच जाडीची आखूड वायर घे. सीटबेल्टच्या बोल्टला हात लावू नकोस. नवीन भोक पाडायचं असेल तर आधी खाली वाकून पेट्रोलची टाकी कुठंय ते बघ.