बीएसए एम२० घेतोय, पण नंबर जुळत नाहीत. सल्ला हवा

सांगलीकर_०७:
मिरजेजवळ एका वाड्यात बीएसए एम२० ही जुनी ब्रिटिश मोटरसायकल उभी आहे. ५०० सीसी, साइड व्हॉल्व्ह, पुढे गर्डर फोर्क. मालकांच्या म्हणण्यानुसार १९४२ ची, आजोबांनी मिलिटरी डिस्पोजलमधून, म्हणजे लष्कराने विकायला काढलेल्या गाड्यांतून घेतलेली. आरसी बुकात मात्र १९४९ आहे. शिवाय इंजिन नंबर वेगळा, चासी नंबर वेगळा. सव्वातीन लाख सांगतायत. इंजिन बदललेली गाडी गळ्यात मारतायत का?

दोनचाकी:
नंबर जुळत नसतील तर सोडा. बुलेट घ्या, पार्ट कोपऱ्यावर मिळतात.

मॅग्डायनो:
दोनचाकी, ट्रायम्फबद्दल बोलत असतात तर एकवेळ ऐकलं असतं. त्या काळच्या बीएसएला इंजिन आणि चासीचे नंबर मुळातच वेगवेगळे असत. उलट दोन्ही अगदी सारखे दिसले, तर मी आधी भिंग काढेन.

सांगलीकर, तुम्ही नंबरांच्या सुरुवातीची अक्षरं लिहिलीच नाहीत, आणि खरी गोष्ट तिथेच आहे. 'डब्ल्यूएम२०' असेल तर गाडी लष्करासाठी बनलेली. दुसऱ्या महायुद्धात बर्मिंगहॅमच्या स्मॉल हीथ कारखान्यातून अशा सव्वा लाखाच्या आसपास एम२० बाहेर पडल्या, त्यामुळे आपल्याकडे एखादी सापडण्यात नवल नाही. 'एक्सएम२०' वगैरे असेल तर गाडी युद्धानंतरची, मग आजोबांची गोष्ट बाजूला ठेवून भाव करा.

१९४९ ला घाबरू नका. डिस्पोजलच्या गाड्यांच्या बुकात बऱ्याचदा पहिल्या सिव्हिल नोंदणीचंच साल उत्पादनाचं म्हणून चढलेलं असतं.

ठसे नीट बघा. नंबराखालची जागा आजूबाजूपेक्षा खोलगट किंवा ग्राइंडर फिरवल्यासारखी गुळगुळीत असेल, तर तिथूनच नमस्कार करून परत या. आकडे किंचित वरखाली असणं चालतं, ते हाताने पंच केलेले असत. टूलबॉक्सच्या आत, टाकीच्या पोटाशी खाकी रंगाचे थर शोधा. टाकीवर लष्कराचा 'सी' ने सुरू होणारा नंबर रंगवलेला असे; तो जुन्या रंगाखाली सापडला तर सोनंच. म्हणून घेतल्या घेतल्या पेंटरकडे नेऊ नका!

पक्का पुरावा हवा असेल तर ब्रिटनमधल्या व्हिंटेज मोटर सायकल क्लबकडे बीएसए कारखान्याच्या डिस्पॅच नोंदी, म्हणजे कारखान्यातून गाड्या रवाना केल्याच्या नोंदी आहेत. नंबर आणि त्यांचे फोटो पाठवून, फी भरून दाखला मागवता येतो. आता एक मेख. कारखान्यातून ज्या चासीबरोबर जे इंजिन गेलं, तेच आज असेल असं नाही. लष्कराच्या वर्कशॉपमध्ये इंजिनं सर्रास इकडची तिकडे व्हायची. माझ्या मते लष्करी एम२० मध्ये तो दोष नव्हे. फक्त त्या गाडीला 'ओरिजिनल' म्हणून जास्त पैसे मोजू नका.

कागदवाला:
इतिहास नंतर, आधी आरसी. बुकातले दोन्ही नंबर लोखंडावरच्या नंबरांशी अक्षरन् अक्षर जुळले पाहिजेत. 'वाहन' पोर्टलवर नोंद दिसत नसेल तर विक्रेत्यालाच आरटीओत बॅकलॉग एन्ट्री (जुन्या बुकाची ऑनलाइन नोंद) करून घ्यायला सांगा, तोवर बयाणासुद्धा नाही. बुक आजोबांच्याच नावावर असेल तर सगळ्या वारसांच्या सह्या लागतील, आणि एक आत्या कायम रुसलेली असते.

२०२१ च्या नियमांनी ५० वर्षांवरच्या गाड्यांना 'व्हीए' मालिकेत व्हिंटेज नोंदणी मिळते. नव्या नोंदणीला २०,००० रुपये फी, मुदत १० वर्षं. पण मग रोजच्या वापराला रस्त्यावर काढता येत नाही. कामावर न्यायची हौस असेल तर आधी विचार करा.

सांगलीकर_०७:
मनापासून आभार. आजोबांच्याच नावावर आहे. आत्या दोन आहेत. 🙂 इंजिनावर डब्ल्यूएम२० आहे, चासीवरचा ठसा रंगाखाली गेलाय. धूर थोडा निळसर.

मॅग्डायनो:
चासीचा ठसा दिसल्याशिवाय पुढे जाऊ नका. मालकांसमोर, त्यांच्या परवानगीने थिनरने पुसा. पॉलिश पेपर लावू नका. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, बोअर आणि पिस्टनचं काम धरून भाव खाली आणा. आणि व्हिटवर्थ, म्हणजे जुन्या ब्रिटिश मापाच्या पान्यांचा सेट आधी घ्या. मिलिमीटरचे पाने लावून नटांचे कोपरे झिजवणारे मिस्त्री गावोगावी आहेत.

सांगलीकर_०७:
रविवारी जातोय. ठशांचे फोटो इथे टाकू का?

कागदवाला:
टाका, पण शेवटचे आकडे झाकून. सौदा व्हायचाय अजून.