ग्रीक कोफ्त्यांत गरम मसाला घालावा का?

शियाबागकर

रविवारी घरात भांडण झालं, म्हणून धागा काढतोय. लेकीने ग्रीक केफ्तेदेस, म्हणजे तिकडचे तळलेले कोफ्ते, करायचं ठरवलं. खिमा मी आणला, कांदा मी किसला, शिळा पाव मी भिजवला. आंघोळीला गेलो तेवढ्यात आमच्या आईने त्या परातीत हळद, आलं-लसूण आणि चांगला चमचाभर गरम मसाला घालून सगळं कालवूनही ठेवलं. का? तर "मटणाला उग्र वास येतो रे."

खायला झकास झाले, मी स्वतः नऊ खाल्ले. पण ते ग्रीक नव्हते. ते आमचे नेहमीचे खिम्याचे गोळे होते, फक्त बारसं नवीन.

माझं मत सरळ आहे. घरी परदेशी पदार्थ करायचा तर निदान पहिल्यांदा तरी तो त्याच्या चवीचा करावा. केफ्तेदेसमध्ये भरपूर पुदिना, ओरेगानो, कांदा, अजमोद (म्हणजे पार्सली; मला मिळाला नाही, कोथिंबीर मुद्दाम घातली नाही), मीठ, मिरी आणि थोडं व्हिनेगर. तळणीतून काढल्यावर आधी पुदिन्याचा वास आला पाहिजे. गरम मसाल्यापुढे पुदिन्याचं काय चालणार!

माझं प्रमाण: अर्धा किलो खिमा, पावाचे दोन शिळे स्लाइस पाण्यात भिजवून घट्ट पिळून, एक मोठा कांदा किसून आणि तोही पिळून, एक अंडं, मूठभर चिरलेला पुदिना, चमचाभर ओरेगानो, चमचाभर व्हिनेगर. मळून तासभर फ्रीजमध्ये. मग लिंबापेक्षा जरा लहान गोळे, मैद्यात घोळवून, झटकून तळायचे. पंचवीस-एक होतात.

बोला.

मांडवीची मावशी

आईंची बाजू मी घेते, कारण दुसरं कोणी घेणार नाही.

ग्रीसमध्ये हे गाईच्या मांसाचे करतात, कधी त्यात डुकराचं मिसळतात. तुम्ही बडोद्यात काय आणलंत? बोकडाचा खिमा. म्हणजे मुख्य वस्तूच बदलली, आणि अडून बसलात चमचाभर मसाल्यावर! आमच्याकडे चाळीस वर्षं खिम्याचे गोळे होतात. त्या वासाला आलं-लसूण लागतंच. तुमच्या आईंनी जे केलं ते हाताच्या सवयीने केलं, आणि तुम्हीच नऊ खाल्लेत.

आणि पाव कशाला? डाळ्याचं पीठ घाला. गोळा फुटत नाही, चवही खमंग येते.

रावपुऱ्यातला रसायनवाला

मावशी, मसाल्याचं तुम्ही दोघं बघून घ्या, पण पावाबद्दल बोलल्याशिवाय राहवत नाही.

डाळ्याचं पीठ कोरडं. खिम्यातलं पाणी ते ओढून घेतं आणि गोळा घट्ट होतो. रश्श्यात सोडायचा तर ते बरोबरच आहे, रस्सा त्याला पुन्हा ओलावा देतो. केफ्तेदेस मात्र कोरडे तळून खायचे. भिजवलेला पाव पोटात पाणी घेऊनच येतो. मांस शिजताना आकसतं आणि रस बाहेर टाकतं, तो काही प्रमाणात पाव धरून ठेवतो. शिवाय मांसाचे तंतू एकमेकांना चिकटून रबरासारखे होतात, त्यांच्या मध्ये पाव येतो, म्हणून गोळा आतून मऊ राहतो. बोकडाच्या खिम्यात चरबी आधीच कमी, त्यामुळे आपल्याला पावाची गरज ग्रीकांपेक्षा जास्त.

मटणवाल्याला खांद्याचं मांस चरबीसकट मागा, नुसत्या मांडीचा खिमा नको. मशीनमधून दोनदा काढायला सांगा. गोळे तेलात फुटत असतील तर नव्वद टक्के दोष न पिळलेल्या कांद्याचा. आणि खिमा आतून गुलाबी ठेवायच्या फंदात पडू नका. अख्ख्या तुकड्याला जंतू बाहेरून असतात, खिम्यात ते आतपर्यंत मिसळलेले असतात. मधोमध ७१ अंश सेल्सिअस व्हायला हवं.

मांडवीची मावशी

थर्मामीटर आमच्याकडे तापाला आहे.

जुना वाचक

मला मूळ प्रश्नच पटत नाही. "ग्रीक चव" म्हणजे कुठली?

केफ्तेस (केफ्तेदेसचं एकवचन) हा शब्द तुर्की कोफ्तेवरून आला, तो फारसीतून, आणि फारसीत कोफ्तन म्हणजे कुटणे. आपला कोफ्ता त्याच घरचा. म्हणजे शियाबागकरांच्या आईने परक्याच्या पदार्थात हात घातला नाही, लांबच्या चुलत भावाच्या ताटात वाढलं.

शिवाय ग्रीकांमध्येही असा एक शियाबागकर होऊन गेला. निकोलाओस त्सेलेमेंतेस नावाचा आचारी, जन्म सिफ्नोस बेटाचा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ग्रीक स्वयंपाकातलं तुर्की आणि पूर्वेकडचं वळण काढून टाकायला निघाला. मसाले कमी केले, आणि त्यांच्या जागी फ्रेंच पद्धतीचा पांढरा सॉस, बेशामेल, आणला. मुसाका म्हणजे त्यांचा वांगी आणि खिम्याचा थरांचा पदार्थ, त्याच्यावर आज जो जाड पांढरा थर असतो तो त्याच्यामुळे रूढ झाला. शुद्ध ग्रीक करायला गेला आणि निम्मं फ्रेंच करून ठेवलं! आता सांगा, जिरं-दालचिनी घातलेला कोफ्ता कमी ग्रीक आणि बेशामेल जास्त ग्रीक, हे कोणी ठरवायचं?

शियाबागकर

एकदम आचाऱ्याच्या पंगतीत बसवलंत, आभारी आहे.

पण दालचिनीचा उल्लेख केलात तर पूर्ण सांगा. जिऱ्याचे ग्रीक कोफ्ते आहेतच, सुत्झुकाकिया. लांबट वळतात, जिरं आणि लसूण घालून, आणि टोमॅटोच्या रसात शिजवतात, त्या रसात पुष्कळदा दालचिनीचा तुकडा असतो. पण ते स्मर्नाचे, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या इझमीरचे. १९२२ च्या सप्टेंबरात ते शहर जळालं, १९२३ च्या लोझान करारात लोकसंख्येची अदलाबदल ठरली आणि आशिया मायनरमधून लाखो ग्रीक लोक ग्रीसमध्ये आले. त्यांच्याबरोबर हे कोफ्ते आले. त्या पदार्थाला त्याचं वेगळं नाव आहे. आई म्हणाली असती "आज स्मर्नाचे करू या", तर मी जिरं स्वतः कुटून दिलं असतं.

माझी तक्रार मसाल्याशी नाही, न विचारता घालण्याशी आहे.

जुना वाचक

आता कसं खरं बोललात.

दुधीप्रेमी

मी शाकाहारी, तरी या धाग्यात घुसतेय. केफ्तेदेस म्हटलं की मांस आलंच, हे तुम्ही सगळ्यांनी गृहीत धरलंत. तिकडे झुकिनीचे असतात, चण्याचे असतात, सांतोरिनी बेटावर टोमॅटोचे प्रसिद्ध आहेत. ईस्टरच्या आधी त्यांचा मोठा उपवास असतो, त्यात मांस, अंडी, दूध-लोणी सगळं वर्ज्य, तेव्हा टोमॅटोचे आणि चण्याचे कामाला येतात.

मी दुधीचे करते. किसून, मीठ लावून अर्धा तास चाळणीत, मग फडक्यात घालून अगदी पिळून काढायचा. निम्मा दुधी पाणी होऊन जातो, घाबरू नका. त्यात पुदिना, शेपू, कांद्याची पात, थोडा मैदा आणि फेटा चीजऐवजी टोपली पनीर. आपलं साधं पनीर अळणी आणि कोरडं, चालणार नाही. पारशी लोकांचं टोपली पनीर मिठाच्या निवळीत मुरतं, मऊ आणि खारट असतं. फेटा मेंढीच्या दुधाचं, ही चव काही अगदी तीच नाही, पण खारटपणाचं काम होतं. मी सुरतेहून येताना आणते. मीठ वेगळं घालू नका, एकदा घातलं आणि सगळा घाणा फुकट गेला.

मांडवीची मावशी

बाई गं, याला बडोद्यात दुधीचे मुठिये म्हणतात!

दुधीप्रेमी

मुठियात पीठ मुख्य आणि दुधी नावाला. शिवाय ते उकडून वर तीळ-मोहरीची फोडणी. यात दुधी मुख्य आणि पीठ नावाला. माझ्या गुजराती शेजारणीने चाखून हाच निकाल दिला: "सरस छे, पण मुठिया नथी." यापेक्षा मोठा दाखला काय हवा?

गच्चीवरचा माळी

ओरेगानोबद्दल कोणी बोललंच नाही. अर्धी घरं पिझ्झाबरोबर आलेल्या पुड्या साठवतात आणि त्याच फोडतात. मागे लिहिलेलं वाचा, बऱ्याचशा पुड्यांत मीठ, लसूण पूड, मिरची असं बरंच काही असतं. त्या घालायच्या तर आईंच्या गरम मसाल्याने काय पाप केलं होतं?

गच्चीत कुंडीतला पानओवा असेल तर त्याची चार पानं बारीक चिरून घाला. ज्या पानांची आपण भजी करतो तीच. वास ओरेगानोच्या खूप जवळचा. ओव्याचे दाणे मात्र जपून, चिमटीच्या वर गेले की पोटदुखीच्या औषधाची आठवण येते.

रावपुऱ्यातला रसायनवाला

बरोबर. ओव्यात मुख्यतः थायमॉल हे वासाचं द्रव्य, ओरेगानोत बहुधा कार्वाक्रॉल जास्त. दोन्हींचं रासायनिक सूत्र एक, रचनेत जरासा फरक. सख्खे भाऊ.

प्रवासी पाहुणा

काही घरी केफ्तेदेसमध्ये व्हिनेगरऐवजी घोटभर उझो, म्हणजे बडीशेपेच्या वासाची ग्रीक दारू, घालतात. त्याने खरी मजा येते. कोणी केलंय का?

शियाबागकर

पाहुणे, तुम्ही गुजरातेतल्या धाग्यावर आहात.

मांडवीची मावशी

बडीशेप कुटून घाला. वास तोच, पोलिसही येणार नाहीत.

अर्धवट पुणेकर

सोबत काय? त्झात्झिकी म्हणजे काकडीची कोशिंबीरच ना? मी दाण्याचं कूट आणि जिऱ्या-मिरचीची फोडणी घालून केली, पाहुण्यांनी वाटी चाटून पुसून खाल्ली.

शियाबागकर

कूट?

दुधीप्रेमी

कूट??

जुना वाचक

मी उदारमतवादी आहे, पण कूट?

मांडवीची मावशी

इथे मात्र मी शियाबागकरांच्या बाजूने. दही रात्रभर टांगा, श्रीखंडाला टांगतो तसंच, फक्त चक्का इतका घट्ट नको. काकडी किसून मीठ लावून पिळा. कच्चा लसूण एखादीच पाकळी ठेचून, शेपू, लिंबू, ऑलिव्ह तेल. झालं. खंडेराव मार्केटात शेपू पाहिजे तेवढा मिळतो. कूट घातलंत तर ती आपली कोशिंबीर, छान असेल, पण तिला आपल्याच नावाने हाक मारा. आपली कोशिंबीर काय कमी आहे का?

जुना वाचक

मावशी, मग हाच न्याय आईंच्या गरम मसाल्याला का नाही?

मांडवीची मावशी

मटणाला वास येतो म्हणून. दह्याला येतो का?

शियाबागकर

काल पुन्हा केले. खिमा खांद्याचा, दोनदा काढलेला. परात मधोमध वाटली: अर्ध्यात माझा पुदिना आणि पानओवा (माळीबुवांचं ऐकलं), अर्ध्यात आईचा गरम मसाला. बडीशेप माझ्या भागात, पाव टीस्पून, हे मावशींचं श्रेय. टांगलेल्या दह्याची त्झात्झिकी, कूटाविना.

उग्र वास माझ्या भागात आला का? थोडा आला, खोटं कशाला बोलू. गरम असताना नाही, गार झाल्यावर जाणवला. पुढच्या वेळी खिम्याला आधी व्हिनेगर चोळून ठेवून बघणार आहे.

आईने आपल्या भागातले दोन खाल्ले, मग माझ्यातला एक घेतला, तोंडात घोळवला, आणखी एक घेतला. मी वाट बघत उभा. म्हणाली, "पुदिना एवढा आहे तर चटणी वेगळी कशाला केली नाहीस?"

लेकीचं म्हणणं, हे आजीकडून ९ मार्क. माझं म्हणणं ४.

दुधीप्रेमी

दोघांचेही राहू देत. उद्या सुरतेला जातेय, टोपली पनीर कोणाकोणाला आणू? रात्रीपर्यंत सांगा, निवळीसकट आणायचं तर डबा मोठा घ्यावा लागतो.