टेम्पोचं पासिंग 28 तारखेला संपतंय, आधी काय उरकू?

हडपसरचा_हत्ती:
मंडळी, वडिलांच्या छोट्या हत्तीचं (टाटा एस टेम्पो) पासिंग, म्हणजे फिटनेस सर्टिफिकेट, 28 ला संपतंय. गाडीला आठ वर्षं उलटून गेलीत. हौद्याचा पत्रा गंजलाय, पेंटर म्हणतो आठवडा लागेल. रोज पहाटे मार्केट यार्डात भाजी असते, आठवडाभर गाडी उभी ठेवणं परवडत नाही. एजंटचं म्हणणं, "तारीख गेली तरी काय होत नाय, फीची पावती दाखवायची." खरं का हे? आणि कलर आधी की अपॉइंटमेंट?

जुना_क्लीनर:
अपॉइंटमेंट आधी, आजच. सरकारच्या परिवहन पोर्टलवर फी भर आणि मिळेल तो लवकरचा स्लॉट धर. महिनाअखेरीची तारीख मागू नकोस, आरटीओच्या तपासणी ट्रॅकवर काही निघालं तर दुरुस्त करून परत दाखवायला दिवस उरत नाहीत.
पावती म्हणजे फिटनेस नव्हे. मोटार वाहन कायद्याचं कलम 56 बघ. फिटनेस नसलेली धंद्याची गाडी नोंदणी नसल्यासारखीच धरतात. दंड एकवेळ भरशील, पण अपघात झाला तर विमा कंपनी पहिलं बोट तिथेच ठेवते. तेव्हा एजंट फोनही उचलणार नाही.

सासवडकर:
पूर्ण कलरचं आत्ता सोड. पत्र्याच्या कडा फाटून बाहेर आल्या असतील तेवढ्या वेल्डिंग करून टचअप मार. पैसा ब्रेकवर घाल. ब्रेक मारल्यावर गाडी एका अंगाला ओढते का बघ. ओढत असेल तर मागच्या चाकाच्या आतल्या बाजूने बोट फिरव. ओलसर, काळं लागलं की व्हील सिलिंडर (चाकातला ब्रेक ऑइलचा पंप) गळतोय समज. मग नुसते ब्रेकचे लाइनर बदलून काही उपयोग नाही, नवे लाइनरही भिजणार. लाइट, इंडिकेटर, वायपर, हॉर्न आदल्या संध्याकाळी एकदा चालवून बघ, झालं.

हिशोबवाली_ताई:
कागदांकडेही बघा दादा. विमा, टॅक्स, पीयूसी (धुराची तपासणी), परमिट लागू असेल तर तेही, सगळं तपासणीच्या दिवशी चालू हवं. बीएस 4 गाडीला पीयूसी वर्षाची मिळते, म्हणून ती हमखास विसरली जाते. गाडी 1 एप्रिल 2019 आधीची आहे, एचएसआरपी (नवी हाय सिक्युरिटी नंबर प्लेट) पाटी बसवली नसेल तर ती आधी बुक करा. जुनी ई-चलनंही भरून टाका. आणि आठ वर्षांनंतर फिटनेस एकाच वर्षाचा मिळतो, दोन वर्षांच्या हिशोबात राहू नका.

वॅगनारवाले_काका:
मधेच विचारतो, आमच्या घरच्या गाडीला पण हे दरवर्षी?

हिशोबवाली_ताई:
नाही काका. पांढऱ्या पाटीच्या खाजगी गाडीला पहिली 15 वर्षं फिटनेसचं काही नाही. मग पुनर्नोंदणी, तीही पाच-पाच वर्षांची. मुदत संपायच्या आधी 60 दिवसांत अर्ज करता येतो. त्या वेळी हरित कर भरावा लागेल.

हडपसरचा_हत्ती:
19 चा स्लॉट मिळाला! ठिकाण दिवे (घाटापलीकडचं गाव) लिहिलंय. उजव्या मागच्या चाकाला बोट फिरवलं, काळंच लागलं 🙄 उद्या दुपारी गॅरेजला टाकतो, भाजी उतरवून. 19 ला दिव्याला जाता-येता गाडीत माल भरू का, फेरी वाया जायला नको.

सासवडकर:
जाताना रिकामीच ने, माल येताना भर. आणि रिफ्लेक्टर टेप समोर पांढरी, मागे लाल. दुकानदाराकडून टेपचं सर्टिफिकेट मागून घे. वेल्डिंग झाल्यावरच चिकटव, नाहीतर जळून परत आणावी लागेल.