आजारपणाचं साल आठवत नाही, कसं काढायचं?

डॉक्टरांसाठी आई-वडिलांच्या आजारांचा क्रम लिहायचाय. शुगर कधी निघाली, मोतीबिंदू कधी काढला, काहीही विचारलं की उत्तर एकच, "झाली की दोन-तीन वर्षं." फाईल उघडली की पाच निघतात. कसं विचारावं?

रंकाळाकाठ: आठवणीवर तारखेचा शिक्का नसतोच. काय, कोण, कुठं हे राहतं. 'कधी' मागाहून अंदाजानं जुळवलेलं असतं. डच मानसशास्त्रज्ञ विलेम वाखेनार यांनी सहा वर्षं स्वतःच्या रोजच्या घटना टिपल्या, सुमारे २४००. नंतर स्वतःलाच तपासलं, तेव्हा सगळ्यात कुचकामी ठरली ती नुसती तारीख. म्हणून "२०१८ ला काय झालं?" हा प्रश्नच नको. आणि ठसठशीत आठवण ताजी वाटते, त्यामुळं जुनी गोष्ट अलीकडं सरकते. तुमचे पाचाचे तीन झाले ते असे.

बावडेकर: कागदावर आडवी रेघ मारा. खुंट्या ठोका, म्हणजे साल पक्कं ठाऊक असलेल्या घटना: आपल्या कोल्हापूरचा २००५ चा पूर, नोव्हेंबर २०१६ नोटाबंदी, ऑगस्ट २०१९ चा महापूर, मार्च २०२० लॉकडाऊन, जुलै २०२१ चा पूर. मध्ये घरातली लग्नं, बारशी, दहावी-बारावी भरा. मग फक्त "आधी का नंतर?" एवढंच विचारत अंतर कमी करत जा. साल स्वतःहून सुचवू नका, लगेच "हां, तवाच" म्हणतात!

एक जागा हमखास फसते. "पुरात" म्हणजे कुठला पूर? २०१९ आणि २०२१ ची गल्लत फार होते. घर सोडताना तोंडाला मास्क होता का, विचारा. नागपंचमी पाण्यात गेली असेल तर २०१९. आषाढी एकादशी होऊन दोन-चार दिवसच झाले असतील तर २०२१.

शाहूपुरी३रीगल्ली: साल पक्कं झाल्याशिवाय महिना लिहू नका. "गणपतीत झालं" म्हणतील, पण गणेश चतुर्थी २०२२ ला ३१ ऑगस्टला होती आणि २०२३ ला अधिक श्रावणामुळं १९ सप्टेंबरला. त्या सालचं पंचांग बघाच. वार सांगितला तर तोही टिपा. बऱ्याचदा वार बरोबर असतो, आठवडा चुकतो. जुनी कॅलेंडरं ठेवली असतील तर दूध-सिलिंडरच्या नोंदींशेजारी दवाखान्याची वारीही सापडते.

एवढं करूनही नाहीच लागलं, तर "२०१९ चा पूर ते लॉकडाऊन यांच्या दरम्यान" असंच लिहा. अंदाजानं तारीख ठोकू नका, डॉक्टर तीच खरी धरून पुढची औषधं बघतात.