संत सेबॅस्टियन: चरित्रात इतिहास किती, आख्यायिका किती?

पानवाचक:
खांबाला किंवा झाडाला बांधलेला आणि अंगात बाण रुतलेला तरुण, ही संत सेबॅस्टियनची प्रतिमा बहुतेकांच्या परिचयाची असेल. पणजीच्या फोंतेन्हास वस्तीतले चॅपेल याच संताच्या नावाचे असल्यामुळे मी त्याचे चरित्र थोडे वाचले, पण वाचून झाल्यावर शंका वाढल्या. कथेप्रमाणे तो रोमन सम्राट डायोक्लेशनच्या अंगरक्षक दलातील अधिकारी होता. तो ख्रिस्ती असल्याचे उघड झाल्यावर त्याच्यावर बाण सोडण्यात आले, परंतु तो त्यातून वाचला आणि पुढे दांडक्यांच्या माराने मरण पावला. मग ज्या बाणांनी त्याला मृत्यू आला नाही, तेच त्याची खूण कसे ठरले? शिवाय तो साथीच्या रोगांपासून रक्षण करणारा संत मानला जातो, पण त्याच्या चरित्रात साथीचा मागमूसही नाही. मुळात या चरित्राला ऐतिहासिक आधार किती आहे, हे जाणकारांनी सांगावे.

जुने दप्तर:
आधाराचा प्रश्न आधी घेतो. निश्चित म्हणावे असे फार थोडे आहे. इ.स. ३५४ च्या एका रोमन पंचांगात हुतात्म्यांच्या स्मरणदिनांची यादी दिलेली आहे. तीत २० जानेवारीला सेबॅस्टियनचे नाव येते आणि त्याचे दफन रोममधून निघणाऱ्या प्राचीन आप्पियन मार्गावरील ‘कातकुंबास’ या ठिकाणी झाल्याची नोंद आहे. नाव, तिथी आणि जागा, एवढेच. तो सैनिक होता, असेही ही यादी सांगत नाही. चौथ्या शतकाच्या उत्तरार्धात मिलानचे बिशप संत अँब्रोज यांनी बायबलमधील एका स्तोत्रावरील विवरणात त्याचा उल्लेख केला आहे. तो मूळचा मिलानचा होता आणि तिथला छळकर्ता निघून गेला होता, अजून आला नव्हता किंवा सौम्य झाला होता, म्हणून तो रोमला गेला, असे ते म्हणतात. एकाच वाक्यातल्या या तीन पर्यायांवरून असे वाटते की खुद्द अँब्रोज यांच्याजवळही नेमकी माहिती नव्हती.

आपण वाचलेली सविस्तर कथा मात्र पाचव्या शतकातील एका दीर्घ लॅटिन आख्यानातून आली आहे, म्हणजे घटनेनंतर दीडशे वर्षे तरी लोटल्यावर ती लिहिली गेली. हे आख्यान कैक शतके अँब्रोज यांच्या नावावर खपले. आता बरेच अभ्यासक ते रोममधील भिक्षू धाकटा आर्नोबियस याचे मानतात. त्यात सेबॅस्टियन आजच्या दक्षिण फ्रान्समधील नार्बोनचा आणि मिलानमध्ये शिकलेला आहे. तुरुंगातील ख्रिस्ती बांधवांना धीर देता यावा, यासाठीच तो सैन्यात राहतो. श्रद्धेपायी कैदेत पडलेले मार्कस आणि मार्सेलियन हे जुळे भाऊ आईवडिलांच्या विनवण्यांपुढे डळमळू लागतात, तेव्हा तो त्यांना लांबलचक उपदेश करतो; निकोस्ट्रेटसची मुकी पत्नी झोई हिला त्याच्यामुळे वाचा फुटते. पुढे उत्तर आफ्रिकेतील मॉरिटानिया प्रांताचे तिरंदाज त्याला मेला असे समजून टाकून जातात, आयरीन नावाची विधवा त्याची शुश्रूषा करते, आणि बरा झाल्यावर तो पळून न जाता सम्राटाच्या वाटेत उभा राहून त्याला जाब विचारतो. त्यानंतर त्याला मरेपर्यंत मारण्यात येते आणि प्रेत रोमच्या मोठ्या गटारात फेकले जाते. अखेर तो ल्युसिना या ख्रिस्ती स्त्रीच्या स्वप्नात येऊन आपले प्रेत कुठे आहे ते सांगतो. रोममध्ये ज्यांच्या कबरी वेगवेगळ्या ठिकाणी होत्या, अशा अनेक हुतात्म्यांना एका नायकाभोवती गुंफण्याचे काम या लेखकाने मोठ्या कौशल्याने केले आहे, असे माझे मत आहे.

कालक्रम तपासला की सांधे दिसू लागतात. आख्यानात पोप कायस (२८३ ते २९६) येतात, म्हणून परंपरा हा मृत्यू २८८ च्या सुमाराचा मानते. परंतु साम्राज्यभर लागू झालेली ख्रिस्ती लोकांच्या छळाची फर्माने ३०३ पासूनची आहेत. शिवाय डायोक्लेशनचे वास्तव्य बहुतांशी पूर्वेकडील प्रांतांत असे आणि रोममध्ये तो क्वचितच येई. तरीही ख्रिस्ती सैनिक आणि लष्करी शिस्त यांचा संघर्ष ही काही कल्पना नव्हे. उत्तर आफ्रिकेत २९५ मध्ये मॅक्सिमिलियन या तरुणाने सैन्यात भरती होण्यास नकार दिला, तर २९८ मध्ये मार्सेलस नावाच्या शतपतीने टँजियरच्या प्रदेशात आपला लष्करी पट्टा सर्वांसमक्ष काढून टाकला. दोघांनाही मृत्युदंड झाला. त्यांच्या चौकशीचे वृत्तान्त त्रोटक, प्रश्नोत्तराच्या रूपातले आणि चमत्कारविरहित आहेत, म्हणून इतिहासकार त्यांवर अधिक विश्वास ठेवतात. ते वाचून सेबॅस्टियनचे आख्यान हाती घेतले की नोंद कोणती आणि रचना कोणती, हे वेगळे सांगावे लागत नाही.

रंगरेषा:
बाण आणि साथ हे आपले दोन प्रश्न खरे तर एकच आहेत. अचानक कोसळणाऱ्या रोगाला अदृश्य हातांनी सोडलेला बाण मानण्याची कल्पना ख्रिस्ती धर्माहून जुनी आहे. ग्रीकांचा देव अपोलो बाण सोडूनच सैन्यात महामारी पसरवतो आणि बायबलच्या ९१ व्या स्तोत्रात दिवसा सुटणारा बाण व अंधारात फिरणारी मरी यांचा उल्लेख लागोपाठ येतो. या पार्श्वभूमीवर बाणांचा वर्षाव सोसूनही जिवंत राहिलेला संत लोकांना जवळचा वाटला असेल, तर त्यात नवल नाही. तो बाणांनी मेला नाही, हीच त्याच्या भक्तीमागची खरी गोष्ट आहे. ज्यांच्या घरात रोग शिरला होता, त्यांना बाण लागूनही बरा झालेला माणूस हवा होता.

याचा सर्वांत जुना लेखी दाखला पॉल द डीकन या आठव्या शतकातील इतिहासकाराचा आहे. ६८० मध्ये इटलीतील पाव्हिया शहरात साथ आली असता, तिथल्या ‘साखळदंडातील संत पीटर’ या चर्चमध्ये सेबॅस्टियनच्या नावाने वेदी उभारल्याशिवाय ती थांबणार नाही, असा संकेत मिळाला; रोमहून त्याचे पवित्र अवशेष, म्हणजे अस्थी, आणून वेदी उभारल्यावर साथ थांबली, असे तो लिहितो. याच नावाच्या रोममधील चर्चमध्ये सातव्या शतकातील एक मोझेक, म्हणजे रंगीत तुकडे जडवून केलेले चित्र आहे. नावाच्या सारखेपणामुळे या दोन चर्चची गल्लत पुष्कळ पुस्तकांत झालेली आढळते, एवढे जाता जाता नोंदवतो. त्या मोझेकमधला सेबॅस्टियन पांढऱ्या दाढीचा, दरबारी पोशाखातला प्रौढ पुरुष आहे. त्याच्या अंगात एकही बाण नाही. १३४७ नंतर युरोपात प्लेगचे थैमान सुरू झाले आणि वारंवार परतत राहिले, तेव्हा गावोगावी त्याच्या नावाने वेद्या आणि बंधुसंघ, म्हणजे भाविकांची मंडळे, उभी राहिली आणि बाणांनी विंधलेली प्रतिमा सर्वत्र पसरली. प्रबोधनकाळातील चित्रकारांना या विषयात मानवी शरीर रंगवण्याची संधी मिळाली, आणि त्या भरात दाढीवाला अधिकारी कायमचा देखणा तरुण झाला. इटालियन चित्रकार पोलाय्युओलो बंधूंच्या १४७५ च्या चित्रात तर संतापेक्षा वाकून धनुष्य ताणणारे तिरंदाजच अधिक लक्ष वेधतात. सतराव्या शतकात जखमांतून बाण काढणारी आयरीन चित्रांत वारंवार दिसू लागते, आणि कथेशी अधिक इमानी चित्रे मला तीच वाटतात.

वसईचा वाटसरू:
आमच्याकडे श्रद्धेसाठी प्राण देणाऱ्या अशा संताला रक्तसाक्षी म्हणतात. पश्चिम किनाऱ्यावर सेबॅस्टियन हे नाव पोर्तुगीजांबरोबर आले. त्यांचा राजा सेबॅस्टियन १५५४ मध्ये २० जानेवारीलाच जन्मला, म्हणून त्याला हे नाव मिळाले, आणि ब्राझीलमधील रिओ द जानेरो शहराचे १५६५ मधील मूळ नावही या राजाच्या आणि संताच्या नावावरूनच ठेवलेले आहे. वसईच्या किल्ल्यातही एक बुरूज सेबॅस्टियनच्या नावाचा होता. फोंतेन्हासचे चॅपेल १८१८ चे असून तिथला मोठा क्रूस पूर्वी जुन्या गोव्यातील इन्क्विझिशनच्या, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाच्या, वाड्यात होता, असे सांगतात. त्यावरील ख्रिस्ताची मान खाली झुकलेली नाही आणि डोळे उघडे आहेत. आपण तिथे गेला असाल, तर हे पाहिले असेलच.

कोचीकर मराठी:
केरळची एक भर घालतो. अलप्पुळा जिल्ह्यातील अर्तुंकल येथील बॅसिलिका (विशेष मानाचे चर्च) नावाने संत अँड्र्यूची असली, तरी जानेवारीतला मोठा उत्सव सेबॅस्टियनचा असतो आणि शबरीमलैहून परतणारे अनेक अय्यप्पाभक्त तिथे येऊन गळ्यातील माळ उतरवतात. केरळच्या अनेक ख्रिस्ती गावांत या सणाला धातूचा बाण मिरवणुकीने घरोघरी नेला जातो. म्हणजे संताला जखमी करणारे शस्त्रच तिथे आशीर्वाद म्हणून उंबऱ्याशी येते.

पानवाचक:
सर्वांचे आभार. एवढेच विचारतो की, यादीत ज्या जागेची नोंद आहे ती आज पाहता येते का, आणि अवशेष तिथेच आहेत का?

जुने दप्तर:
जागा पाहता येते. आप्पियन मार्गावर नगरकोटाबाहेर आज संत सेबॅस्टियनची बॅसिलिका आहे आणि तिच्याखाली भुयारी दफनभूमी आहे. चौथ्या शतकात तिथे बांधलेली बॅसिलिका मुळात पीटर आणि पॉल या प्रेषितांच्या नावाची होती. भूमिगत भागातील भिंतीवर यात्रेकरूंनी त्या दोघांना उद्देशून कोरलेल्या प्रार्थना अजून वाचता येतात. सेबॅस्टियनच्या भक्तीने त्या मोठ्या नावांना मागे सारून वास्तूला आपले नाव दिले, ही गोष्ट मला कोणत्याही चमत्काराहून बोलकी वाटते. यात्रेकरूंनी दर्शन घ्यावयाच्या रोमच्या सात चर्चमध्ये तिची परंपरेने गणना होत आली. आजची इमारत सतराव्या शतकाच्या आरंभी कार्डिनल शिपिओने बोर्गेझे यांनी नव्याने बांधवून घेतली. अवशेष मात्र नवव्या शतकापासून विखुरले: काही फ्रान्समधील सॉइसाँच्या मठात गेले, तर मस्तकाचा एक भाग म्हणून पूजला जाणारा अवशेष बव्हेरियातील एबर्सबेर्ग येथे आहे, जिथे पूर्वी यात्रेकरू त्या कवटीतून नळीने द्राक्षारस पीत असत. रोमला जाणार असाल, तर बॅसिलिकेतील दर्शन मोकळे असते. भुयारात मात्र मार्गदर्शकाबरोबरच जावे लागते.